चव बरोबर

जिभेचं भांडण आजवर कुणाला मिटवता आलेलं नाही. एकाला आंबट ते दुसऱ्याला मस्त, एकाला तिखट ते दुसऱ्याला सपक, हे चालायचंच. पण कोथिंबिरीवरून होतं तसं विचित्र भांडण दुसऱ्या कशावरून होत नसेल. दहाजण जुडी नाकाशी नेऊन "अहाहा" करतात आणि अकरावा म्हणतो, शी, साबण! मग ते दहाजण मिळून अकराव्याला वेड्यात काढतात. अकरावा एकटा असतो ना, म्हणून.

चवबाई अशी अकरावी होती. आणि दुर्दैव बघा, नेमकी तीच स्वयंपाकीण झाली.

स्वयंपाकीण म्हणजे चार घरी पोळ्या लाटणारी नव्हे. म्हाताऱ्या, आजारी, कुणी न उरलेल्या माणसांचा एक मोठा निवास होता, तिथल्या एकशेचाळीस ताटांची ती मुख्य होती. बावीस वर्षं. तिथला नियम असा, की मुख्य बाईने चाखल्याशिवाय एकही टोप स्वयंपाकघराबाहेर जायचा नाही. दाराशी एक काळा फळा होता. त्यावर पदार्थ, वेळ, आणि पुढे "चव बरोबर" असं लिहून सही करायची, मगच ढकलगाड्या हलायच्या. म्हणून सगळे तिला चवबाई म्हणायचे. अधीक्षकसुद्धा तोंडावर तेच म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं.

आता ह्या बाईला कोथिंबीर साबणासारखी लागते हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेला एकच माणूस होता, तिचा धाकटा भाऊ, आणि तो चार वर्षांपूर्वी गेला. दोघांची जीभ एकसारखी. लहानपणी ताटात हिरवं पान दिसलं की दोघंही हात आखडायची आणि आई करवादायची, "सगळं जग खातंय, तुम्हा दोघांनाच बरा साबण लागतो! जिभेचे चोचले नुसते!" भाऊ ओकायचा आणि मार खायचा. ही मात्र श्वास कोंडून गिळायला शिकली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पुढे भावाने लग्न झाल्यावर बायकोला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की कोथिंबीर घरात आणायची नाही, आणि सुटला. ही कुणाला सांगणार? स्वयंपाकिणीने कोथिंबीर खात नाही म्हणणं म्हणजे शिंप्याने सुई टोचते म्हणण्यासारखं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग चाखायची कशी? त्याची तिने एक युक्ती काढली होती. प्रमाण मापून घालायचं, आणि कोथिंबिरीचं काही असलं की आधी चमचा हाताखालच्या आचाऱ्याला द्यायचा. "बघ रे, कसं झालंय." आणि मग त्याच्या तोंडाकडे बघायचं. भुवया कशा हलतात, ओठ कसे मिटतात, ह्यावरून तिला मीठ-आंबट सगळं कळायचं. नंतर लोकांना दाखवायला स्वतः एक चमचा घ्यायची, साबण गिळायची आणि फळ्यावर सही करायची. बावीस वर्षांत एकदाही चूक झाली नाही. स्वतःच्या जिभेचं ऐकायचं नाही, हीच तिची कला होती म्हणा ना.

त्या मंगळवारी आचारी रजेवर होता.

जेवणाला कोथिंबिरीचं सूप होतं. बटाटा, कांदा, कोथिंबिरीच्या ढीगभर जुड्या, सगळं शिजवायचं, वर व्हिनेगर ओतायचं आणि यंत्राने घुसळायचं. व्हिनेगर संपलं होतं म्हणून तिने कोठीतून नवा कॅन मागवला. कोठीवाला म्हणजे अधीक्षकांचा मेहुणा. कामाच्या नावाने आनंद, पण मेहुणा. त्याने कॅन आणून आदळला, तिने मापाने दोन भांडी ओतली. जरा दाट वाटलं. घुसळल्यावर फेस आला, पण तो नेहमीच यायचा.

सव्वाअकराला तिने चमचा तोंडात घातला. साबण. म्हणजे नेहमीचंच. तिने आणखी एक चमचा घेतला. मग चमचा हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. बाहेर ढकलगाड्या लागल्या होत्या, परिचारिका घड्याळाकडे बघत होती. चवबाईने फळ्यावर लिहिलं, चव बरोबर, ११.२०, आणि सही केली.

साध्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यांनी पहिल्याच घोटाला थू-थू केलं, वाट्या सरकवल्या, आरडाओरडा केला. त्यांना बोलता येत होतं, म्हणून ते वाचले. आतल्या खोलीत चमच्याने भरवायची नऊ माणसं होती. अर्धांगवायू झालेली, वाचा गेलेली. त्यांना नको म्हणता येत नव्हतं. बाहेरचा गलका आत पोचेपर्यंत त्यांच्या पोटात वाटी वाटी गेलं होतं. ठसका लागला, तोंडाला फेस आला, फेस छातीत उतरला. दोघं त्याच दिवशी गेले. तिसऱ्या, एक शिक्षिका होत्या पूर्वी, त्या गुरुवारी पहाटे.

किटल्यांच्या तळाशी उरलेलं सूप तपासलं तेव्हा त्यात करपलेली भांडी घासायचं जहाल लिक्विड निघालं. आता ते आलं कुठून? मोठा टोप तर मेहुण्याने दुपारीच घासून लख्ख करवला होता. कॅनचा पत्ता नव्हता. उरल्या किटल्या, ज्यांत टोपातलं सूप ओतून वॉर्डात न्यायचे. आणि किटल्या घासायचं काम होतं चवबाईच्या भावजयीचं.

भाऊ गेल्यावर चवबाईनेच तिला तिथे चिकटवलं होतं. भांडी घासायची, आणि माणसं कमी असली की आत जाऊन म्हाताऱ्यांना भरवायचं. गरीब गाय. मेहुणा सगळ्यांदेखत म्हणाला, "हिने लिक्विड तळाशी तसंच ठेवलं, विसळलं नाही. दुसरं काय असणार?" पोलिसांनी चवबाईला एकच प्रश्न विचारला, "टोपातलं सूप बरोबर होतं?"

आणि चवबाई म्हणाली, "हो. मी स्वतः चाखलं."

झालं! टोपातलं बरोबर म्हणजे किटलीतलं बिघडलं, आणि किटली कुणाची? चोर सोडून संन्याशाला फाशी. भावजयीला संध्याकाळी घेऊन गेले. जाताना तिने मागे वळून बघितलं नाही, कारण तिला वाटत होतं की वन्सं आहेत ना, त्या बघतील.

वन्सं आठ दिवस काहीच बोलल्या नाहीत. त्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत घसा धरला होता, तेही कुणाला सांगितलं नाही. आपलेच दात आपलेच ओठ. टोपात काय होतं हे सांगू शकणारी जगात एकच जीभ होती, आणि त्या जिभेने सांगून टाकलं होतं, बरोबर. बरं, खरं सांगावं तर काय सांगायचं? मला साबण लागला होता, पण तो मला रोजच लागतो? लोक हसतील की मारतील?

नवव्या दिवशी तिच्याने राहवेना. चौकशीसाठी आरोग्य खात्याच्या एक अधिकारी बाई आल्या होत्या, शांत, चष्म्याच्या, कुणाच्या मेहुण्याला न भिणाऱ्या. चवबाई त्यांच्यासमोर खुर्चीवर बसली आणि सगळं बोलून मोकळी झाली. आई, भाऊ, साबण, आचाऱ्याचं तोंड, सगळं.

मेहुणा दारातच होता. तो फिदीफिदी हसला. "बावीस वर्षं कोथिंबीर रांधली आणि आज साबण लागायला लागला? भावजय आत गेल्यावर?"

अधिकारी बाईंनी त्याला बाहेर काढलं आणि निवासाच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "असतं असं. कोथिंबिरीच्या पानात एक वास असतो, तसलाच साबणातही असतो. काही माणसांच्या नाकाला जन्मापासून तो फार उग्र लागतो. घराण्यात चालतं. त्यात त्यांचा हट्ट नसतो की नखरा नसतो." चवबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पन्नाशी उलटल्यावर कुणीतरी सांगत होतं, की तुझे चोचले नव्हते गं. भावाने त्यासाठी किती मार खाल्ला होता!

"पण मला नुसतं ऐकून चालायचं नाही," अधिकारी बाई म्हणाल्या. "परीक्षा घ्यावी लागेल. दोन वाट्या असतील. एकीत नुसतं कोथिंबिरीचं सूप, दुसरीत त्या लिक्विडचा थेंब, पातळ केलेला. चाखायचं आणि थुंकायचं. तुम्हाला फरक कळला नाही, तर त्या दिवशी टोपातच लिक्विड असूनही ते तुम्हाला ओळखता आलं नाही, हे मान्य करावं लागेल. मग तुमची भावजय सुटेल, आणि मी कोठीकडे वळेन. तुमच्यावरही काही येणार नाही, जन्माच्या गोष्टीला कोण काय करणार? पण फरक कळला, तर तुम्ही आत्ता सांगितलेलं मला खरं धरता येणार नाही."

डोळ्यांवर पट्टी बांधली. पहिली वाटी. साबण, तोच, लहानपणापासूनचा. तिने थुंकलं, चूळ भरली. दुसरी वाटी. पुन्हा साबण. आणि त्या साबणाच्या पाठोपाठ, घशाच्या तोंडाशी, एक बारीकशी आग.

चवबाईने घाईघाईने थुंकलं.

फरक होता. ढळढळीत होता. आणि त्याहून वाईट म्हणजे ती आग तिच्या ओळखीची होती. त्या मंगळवारी पहिल्या चमच्याला ती लागली होती, म्हणून तर दुसरा चमचा घेतला होता! दुसऱ्यालाही लागली होती. चमचा धरून ती उभी राहिली होती ती ह्याच विचारात, की परिचारिकेला हाक मारावी, म्हणावं बाई गं, जरा चाखून बघ, मला काही वेगळं लागतंय. मग ती विचारणार, वेगळं म्हणजे कसं? साबणासारखं? अहो पण चवबाई, तुम्हाला कळत नाही? चवबाई आणि तुम्हालाच कळत नाही? त्या एका प्रश्नाची लाज वाटली म्हणून तिने खडू उचलला होता. जीभ ओरडून सांगत होती आणि हिने तिच्यावर पाय दिला. नंतर आठ दिवस ती स्वतःलाच पटवत राहिली, की मला बिचारीला कळलंच नाही.

खरं सांगावं, तर आता हे म्हणायचं, की हो, कळतं, आणि तेव्हाही कळलं होतं. पण ते कोण ऐकून घेणार? एकदा बरोबर म्हणाली, मग कळत नाही म्हणाली, आता कळत होतं म्हणते. भावजय सुटायची ती आतच राहील. असं तिने मनाशी म्हटलं. भावजयीचं नाव पुढे केलं खरं, पण मागे स्वतःची कातडी होती, हेही तिला त्याच क्षणी कळत होतं. माणूस स्वतःला किती वेळ फसवणार?

"बोला," अधिकारी बाई म्हणाल्या.

"दोन्ही सारखंच," चवबाई म्हणाली. "साबण."

कोठीची झडती झाली. व्हिनेगरचे आणखी दोन जुने कॅन मिळाले, मेहुण्याने आळसापायी लिक्विड भरून ठेवलेले. त्याला धरून नेलं, आणि ते योग्यच झालं. भावजय सुटली. निवासात लोक चवबाईकडे कणवेने बघू लागले. अधीक्षक म्हणाले, "तुम्ही तरी काय करणार, देवानेच जीभ तशी दिली."

सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भावजय घरी आली. एवढ्या दिवसांत अर्धी झाली होती. चवबाईने चहा टाकला. भावजय भिंतीला टेकून बसली, कप दोन्ही हातांत धरून.

"वन्सं, तुम्ही बोललात म्हणून मी आज इथे बसलेय," ती म्हणाली. "लोकांत हसं करून घेतलंत माझ्यापायी. हे असते तर त्यांनाही पटलं असतं. तेही म्हणायचे ना साबण."

"चहा घे. निवेल."

"एक सांगू? कोठडीत मला पोलिसांची भीती नाही वाटली. त्या बाई दिसायच्या. शिक्षिका." भावजयीने कप खाली ठेवला. "त्यांना मीच भरवलं ना त्या दिवशी. पहिला चमचा घेतला आणि त्यांनी ओठ गच्च मिटले. बोलता येत नव्हतं, पण माझ्याकडे असं बघितलं! मला वाटलं, हट्ट करतायत. मी म्हटलं, अहो बाई, आमच्या वन्संनी चाखलंय, फळ्यावर लिहिलंय, घ्या बरं. तुमचं नाव ऐकलं आणि त्यांनी तोंड उघडलं. सगळी वाटी संपवली."

चवबाई गॅसकडे तोंड करून उभी होती. गॅस कधीच बंद केला होता.

"मग मी मनाला समजावते, माझा काय दोष, आणि तुमचा तरी काय," भावजय रडत रडत म्हणाली. "कळलं असतं तर तुम्ही पाठवलं असतं होय? तुम्हाला कळलंच नाही. हो ना, वन्सं? नव्हतं ना कळलं?"

चवबाई वळली. तिने भावजयीच्या डोक्यावर हात ठेवला, कारण तिच्या डोळ्यांकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

"नाही गं," ती म्हणाली. "नव्हतं कळलं."