गालिच्याखालचा बर्फ

रात्री बर्फ पडला, म्हणून बुरुल्चाने सकाळीच लग्नातला गालिचा अंगणात ओढत आणला. ताज्या बर्फावर पालथा घालून बडवला की गालिच्याची धूळ बर्फात उतरते. तिची आईही असंच करायची. तेव्हा बिश्केक शहराच्या या कडेला सफरचंदांची बाग होती. ती तोडून नवी वसाहत झाली. घरं विकताना बिल्डर गॅस देऊ म्हणाले, पण गॅस जाहिरातीतच राहिला. मग घरोघरी कोळशाच्या भट्ट्या लागल्या. डोंगरावरून येणारा वारा पलीकडच्या नव्या इमारतींनी अडवला, त्यामुळे धूर हलतच नाही.

गालिचा बडवून होतो न होतो तोच आत सासूला खोकल्याची उबळ आली. बुरुल्चा धावली, ती थेट संध्याकाळी बाहेर आली. गालिच्याची पाठ काजळीने काळी झाली होती. तिने तो उचलला. सगळं अंगण करडं पडलं होतं, आणि गालिच्याची धूळ पिऊनही खालचा तेवढा चौकोन पांढरा होता.

कुंपणापलीकडून शेजारीण राखातने विचारलं, "झाला का गं साफ?"

"बर्फ राहिला साफ."

"मग त्या पांढऱ्यावर माझाही घालते की. आणू?"

"नको गं. राहू दे तेवढा."

तिने गालिचा होता तसाच परत बर्फावर पसरला. कोपरे नीट केले. मग आत जाऊन भट्टीत कोळसा टाकला.