डावीकडची तार

बिभीषणची तीस वर्षं विहिरी खोदताना दगडमाती वर ओढायच्या यारीवर गेली होती. यारीचा खांब चौफेर ताणलेल्या तारांवर उभा असतो. त्यातली एक सैल पडली तर विहिरीत उतरलेल्या माणसाचं काय होतं, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून जहाजावरची नोकरी सोडून नेवाशाला परतलेल्या ज्योतीताईनं धरणाच्या फुगवट्यात जुनी शिडाची होडी आणली, तेव्हा डोलकाठीच्या सगळ्या तारा त्यानंच आवळल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं पाण्यात गेले. मध्यावर शिडात वारा भरला, होडी उजवीकडे कलली आणि उजवी तार चक्क लोंबायला लागली.

"ताई, ही कुनीतरी ढिली केलीया!"

त्याच्या डोळ्यांपुढं हनुमंत आला. होडीनं जाळी फाटतील म्हणून हा मच्छीमार ताईशी भांडला होता. काल सांजच्याला होडीपाशी घुटमळतही होता.

"काका, वारा डावीकडून आहे," ताई म्हणाली. "सगळा भार डाव्या तारेवर. उजवी सैल पडणारच."

"आन् उलाटलो म्हंजी?"

"तळाला शिसं आहे. होडी कलली की ते तिला परत खेचतं."

त्याला पटलं नाही. यारीवर भाराची तार तपासायचा तसा त्यानं डाव्या तारेवरून पंचा फिरवला. खालच्या टोकाशी पंचा अडकला. दोन पदर तुटले होते. तेवढ्यात टक् करून तिसरा तुटला.

ताईचा चेहरा उतरला. "डोकं खाली घ्या!" तिनं होडी गर्रकन वळवून वारा उजवीकडून घेतला. डावी तार सैल पडली, उजवीनं भार उचलला. आता पुन्हा वळायची सोय नव्हती. वाऱ्यानं नेलं त्या काठाला ते लागले. तो हनुमंताचा काठ होता.

हनुमंतानं गुडघाभर पाण्यात येऊन होडी ओढली.

"काल हुडीपाशी काय करत हुतास?" बिभीषणनं दरडावलं.

"तारंला गंज दिसला. सांगनार हुतो. पन भांडान झाल्यालं, माझं कोन ऐकतंय?"

बिभीषणनं तुटलेली टोकं उन्हात धरली. कापलेली तार चमकते. ही आतपर्यंत तांबडी होती. कुणाचा हात लागला नव्हता. लागला होता तो त्याचाच, आवळताना.

"ताई," तो खाली बघत म्हणाला, "म्या बघायला पायजे हुतं."

मग हनुमंताकडं वळून त्यानं विचारलं, "आनखी कुठं गंज दिसला का रं?"