लायटाच्या अलीकडे

त्या दोघांनी आधी निहारचं हेल्मेट ओढून काढलं, मगच हॉकी स्टिक उगारली. श्रीरंग मध्ये पडला तेव्हा एक फटका त्याच्या मनगटावर बसला, दुसरा बरगड्यांवर. तिसरा निहारच्या कानशिलात. भर दुपारी, शंभर गाड्यांच्या देखत. गुन्हा काय, तर मोटरसायकलचा आरसा त्यांच्या पांढऱ्या गाडीला घासला. निहार कोसळल्यावरही त्यांनी त्याच्या पोटात लाथा घातल्या आणि मग गाडीत बसून, घाई न करता, ते निघून गेले. ती घाई नसणंच श्रीरंगच्या डोक्यात गेलं.

निहार आणि श्रीरंग दिल्लीत, मुनिरक्यात एका खोलीत राहायचे. निहार गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरीला. श्रीरंग पाच वर्षं पीएचडीला चिकटलेला, विषय जुन्या ऑस्ट्रियन साम्राज्याचे प्रांत आणि त्यांच्या सीमा. त्या साम्राज्याचे दोन भाग करणारी लायटा नावाची एक लहानशी नदी होती. अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा. नकाशात तिची रेघ केसभर सरकली तरी श्रीरंगला घास गोड लागत नसे.

"अरे, रेघच आहे ना यार!" निहार चिडवायचा.

"रेघच सगळं आहे," श्रीरंग म्हणायचा.

आज ते गुरुग्रामहून प्रबंधाचे मोठे रंगीत नकाशे छापून परतत होते. गुंडाळी अजून श्रीरंगच्या पाठीवर होती.

हरियाणा-दिल्ली सीमेचा खांब निहार पडला तिथून आठ पावलांवर होता. खांबापलीकडे दिल्ली, आणि तिथे बॅरिकेडला लागून ॲम्ब्युलन्स उभी. श्रीरंग धावत गेला.

"भैया, वो हरियाणा में गिरा है," तिथला हवालदार म्हणाला. "केस उधर का. उनकी गाड़ी आएगी."

"कब?"

"आधा-पौन घंटा."

"तब तक मर जाएगा वो!"

"हम उठाएँ तो जवाब हमें देना पड़ेगा." माणूस वाईट नव्हता, नोकरीला भ्यायलेला होता. मग आवाज खाली आणून म्हणाला, "इधर गिरा होता, तो बात अलग थी."

श्रीरंगला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. असल्याच खांबांना तो पाच वर्षं पुजत आला होता.

तो परत फिरला. निहारच्या काखेत हात घालून त्याने ओढायला सुरुवात केली. सुजलेल्या मनगटातून कळ थेट मस्तकात गेली. निहार किंचाळला.

"आई गं... नको, श्री..."

"आठ पावलं. फक्त आठ."

सहाव्या पावलाला निहारचं किंचाळणं थांबलं, आणि ते जास्त भयंकर होतं. श्रीरंग थांबला नाही. खांब ओलांडून त्याने निहारला हवालदाराच्या बुटांपाशी आणून ठेवलं. मागे डांबरावर रक्ताचा ओला पट्टा उमटला होता, तिथून इथपर्यंत. आंधळ्यालाही कळला असता.

हवालदाराने वही काढली.

"कहाँ मारा इसे?"

"यहीं," श्रीरंग म्हणाला.

हवालदार पट्ट्याकडे पाहत राहिला. पलीकडच्या, हरियाणाच्या नाक्यावरचा शिपाई आता डुलत डुलत इकडे यायला निघाला होता.

श्रीरंगने पाठीवरची गुंडाळी सोडली आणि खांबापासून मागे, एकाला एक लागून, नकाशे त्या पट्ट्यावर अंथरले. बोहेमिया, गॅलिशिया, हंगेरी, आणि मधोमध लायटाची बारीक निळी रेघ. कागद खालून भिजू लागला. लाल डाग आधी पलीकडे उमटला, मग नदी ओलांडून अलीकडे पसरला.

"ओए, गाड़ी लगाओ!" हवालदार ॲम्ब्युलन्सवाल्यावर ओरडला. "जल्दी! अपने इलाके का है."

स्ट्रेचर आलं. ते आणणाऱ्या दोघांनी निहारला उचललं, तेव्हा त्याच्या बोटांनी श्रीरंगची बाही घट्ट धरली. शेजारून एक ट्रक धडधडत गेला. त्याच्या वाऱ्याने शेवटच्या नकाशाचा कोपरा वर उचलला आणि खालचं लाल दिसू लागलं.

हवालदाराने वहीतून मान वर न काढता त्या कोपऱ्यावर बूट ठेवला.