पूजेतले पट्टे

प्रमिलाने पाटावरचा झेंडू सारून सुकलेली पानं वेचायला घेतली आणि तिचा हात तिथेच थांबला. फुलांखाली पट्टे होते. उंचावर काम करताना कमरेला बांधायचे, जाड विणीचे, दोराचे आणि लोखंडी आकड्यांचे कोरे पट्टे. सगळेच्या सगळे.

काल खंडेनवमी होती. सुरतेत गोडादऱ्याच्या त्या दोन खोल्यांत तिने आणि हिलालने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, हत्यारांची पूजा मांडली होती. हिलाल कारखान्यांची छपरं बदलून द्यायचे ठेके घेई. पूजेत ठेवलेलं हत्यार दसरा उलटेपर्यंत उचलायचं नाही, हा घरचा रिवाज. पण काम नेमकं दसऱ्यालाच होतं. उधन्याच्या कारखान्यातले लूम, म्हणजे माग, बंद असतात तेव्हाच छपराला हात लावता येतो. मग हिलालने पळवाट काढली. एक पाना, एक हातोडा, एक पक्कड नावापुरती देवीसमोर ठेवली आणि बाकीचं सामान पोत्यात भरून दाराशी लावलं. पट्ट्यांची पाळी आली तेव्हा मात्र त्याने मन मोठं केलं.

"ह्या सगळा ठेव," तो म्हणाला होता. "कामले कथा लागतस?"

कामाला पट्टे लागतात कुठे, यावर तेव्हा तिलाही हसू आलं होतं. पट्टे दिले होते कारखान्याच्या देसाईने. हा देसाई सेफ्टीचा साहेब. त्याच्या नावाने घरात रोज संध्याकाळी बोटं मोडली जात. आजवर कुठल्या कारखान्याने ठेकेदाराच्या माणसांची चौकशी केली होती? माणूस पडला तर ठेकेदाराचा, पत्रा फुटला तर कारखान्याचा, हाच सगळीकडचा हिशेब. देसाईने पहिल्याच दिवशी हिलालला छपराखाली उभं केलं आणि म्हणाला, "हिलालभाई, माणस तमारा, पण छापरुं तो अमारुं छे ने?" माणसं तुमची असतील, छप्पर आमचं आहे; पट्ट्याशिवाय वर कोणी जायचं नाही. हिलाल मान डोलावून आला आणि घरी त्याने देसाईची नक्कल करून दत्तूला हसवलं. पालथ्या घड्यावर पाणी.

दत्तू प्रमिलाचा धाकटा भाऊ. आईने गावाहून तिच्या भरवशावर पाठवलेला. आणि आत्ता, या घटकेला, तो त्या छपरावर होता.

ती पाटासमोर बसून राहिली. पट्टे उचलायचे आणि निघायचं, एवढंच तर होतं. पण प्लेगच्या साली सुरत सोडून सगळे गावी पळाले, गावाने वेशीत घेतलं नाही, शेतातल्या झोपडीत दिवस काढले आणि त्या नवरात्रात घट बसला नाही. त्याच थंडीत तिचं पोट पडलं. सासू अजून म्हणते, देवीला उपाशी ठेवलं त्याचं हे फळ. प्रमिला तोंडाने कधी हो म्हणाली नाही, पण मनात ते रुतून बसलं होतं. आता दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले होते. हिलालखेरीज अजून कोणाला सांगितलंही नव्हतं.

तिने हात जोडले. "माय, जे काय करशी ते माले कर. पोटनाले नको," ती पुटपुटली. मग एकेक पट्टा उचलून पिशवीत भरला. फुलं झटकायचंही तिला सुचलं नाही.

शटल रिक्षात शेजारच्या बाईने पिशवीत डोकावून, कसला नवस आहे, असं विचारलं. प्रमिलाने पिशवीचं तोंड आवळलं. रिक्षा रेल्वेच्या फाटकापाशी अडली आणि गाडी जाईपर्यंत थांबली.

शेडमध्ये शिरताच तिने आधी वर पाहिलं. जुने सिमेंटचे पत्रे काढलेल्या जागी आभाळ दिसत होतं आणि त्या कडेला दत्तू ओणवा होऊन बोल्ट ढिला करत होता. कमरेला काही नाही. हिलाल खाली माणसांत उभा राहून हातवारे करत होता.

"दत्तू, खाले उतर!"

सगळे वळले. ही इथे कशाला आली, म्हणून हिलालच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"तू काबर उनी आठे?"

"पट्टा लई उनू."

त्याने पिशवीत पाहिलं. कुंकवाने लाल झालेले आकडे, त्यांत अडकलेला झेंडू. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"पूजामातलं उचलं तू? आपलं काय चालू शे घरमा, इसरनी का? देवीले राग यी."

"तो मी पाही लिसू."

"आज एक दिवसनं काम शे. देसाई घर बसीन फाफडा-जिलेबी खात व्हई. कोन पाहस?"

"देसाई नही पाहस," ती म्हणाली. "पन त्या पत्राले काय माहीत, आज दसरा शे?"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. चार माणसांत बायकोने तोंड वर करून बोलणं हिलालच्या सात पिढ्यांत झालं नसावं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. प्रमिला जागची हलली नाही. दत्तू शिडीवरून उतरला, तिच्याकडे न बघता पट्टा घेतला आणि कमरेला आवळला. बाकीच्यांनीही घेतले. पिशवीत एक उरला. तो हातात धरून हिलाल म्हणाला, "जाय आते घर."

ती गेली. अर्ध्या रिकाम्या झालेल्या पाटापुढे दिवा लावला, पुरण वाटायला घेतलं, आणि दुपारभर पोटात जरा कुठे कळ आली की ती हातातलं टाकून पाटाकडे बघे. दूध उतू गेलं तेव्हा तर ती रडलीच.

संध्याकाळी दोघे परतले. दत्तू धडधाकट होता, नेहमीपेक्षा गप्प, पण धडधाकट. तिच्या जिवात जीव आला. हिलालचं मात्र लक्षण ठीक दिसेना. तो ओरडला नाही, आदळआपट नाही, नुसता ताठ. आपट्याची पानं घेऊन गल्लीत निघाला तेव्हा ती मागोमाग होती. चाळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या सरलाबाईंना त्याने सोनं दिलं आणि उभ्याउभ्याच हात जोडले. दरवर्षी पायांवर डोकं ठेवणारा माणूस. सरलाबाई बघत राहिल्या. प्रमिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यावरचा राग या म्हातारीवर कशाला, असं तिच्या ओठांवर आलं होतं.

घरी ताट वाढलं तर तो बसेना. भिंतीला टेकून उभा राहिला.

"जे बोलनं ते बोली टाका," ती म्हणाली. "पन अन्नवर राग नका काढू."

"सदरा काढ मना," तो म्हणाला.

तिला कळलं नाही. मग दत्तूच पुढे झाला आणि त्याने हिलालचा सदरा हळूच वर केला. कमरेभोवती हाताच्या रुंदीचा काळानिळा वळ उठला होता. प्रमिलाच्या हातातला डाव खाली पडला. देवीने शिक्षा दिली ती हीच, असं तिला वाटलं. माझ्यावर घे म्हटलं होतं आणि तिने नवऱ्यावर घेतलं.

"दुपारले पत्रा फुटना," हिलाल म्हणाला. "दत्तूना नही. मना पायखाले."

"तुम्ही कथा वर गयथात? तुम्ही ते खालेच राहतस."

त्याने दत्तूकडे पाहिलं. दत्तूच बोलला.

"आक्का, तू गई आनि भाऊजीसनी उरेल पट्टा बांधा. म्हने, बाई घरथून आठलगून उनी, आते मी खाले उभा राहिसन काय करू? पत्रा फुटना तसा पट्टावर टांगायेल व्हतात, आक्का. खाले लूम व्हतं. आम्हीन दोर धरीन वढात."

बाहेर पोरं "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणत दारोदार फिरत होती. प्रमिला तो वळ बघत होती. जरा वेळापूर्वी ज्याचं भय वाटलं, त्यावरून तिने आता बोटं फिरवली आणि कपाळाशी नेली. देवी रागावली नव्हती. तिचे डोळे वाहत होते आणि ते पुसावेत असं तिला वाटलं नाही.

"डॉक्टरकडे चला," ती म्हणाली.

"जाऊत. पहिले एक काम कर." हिलालने पाटाकडे मान वळवली. "माले वाकता येत नही. मना नमस्कार तू कर."

प्रमिला पाटापुढे बसली आणि तिने डोकं टेकवलं. मग पुन्हा एकदा टेकवलं.

"हाऊ दुसरा तुना?" त्याने विचारलं.

"नही," ती म्हणाली. "देसाईना नावना."

त्या माणसाला तिने कधी पाहिलंही नव्हतं.