शंभरातले पंच्याण्णव

सरजाबाईनं ओल्या गोणपाटाची गुंडाळी ओट्यावर उलगडली आणि मोड आलेले सोयाबीनचे दाणे एकेक करून बाजूला काढायला घेतले. शंभर दाणे मोजून गुंडाळायचे, रोज पाणी शिंपडायचं, सहाव्या दिवशी उघडून पाहायचं. घरचं बियाणं पेरण्याजोगं आहे की नाही, हे त्यांच्याकडे दरसाल असंच ठरायचं. तिचा नवरा नागनाथ शेजारी उकिडवा बसून तिच्याआधीच मोजत होता.

“चौऱ्याऐंशी,” तो म्हणाला. “डोळे झाकून पेरायचं.”

सरजाबाईनं आपली मोजणी चालूच ठेवली. चालताना धाप लागते म्हणून तिला परभणीला दाखवलं होतं. हृदयाची एक झडप खराब निघाली. ऑपरेशन करावं लागेल, शंभरातले पंच्याण्णव जण बरे होतात, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून नागनाथनं हा आकडा अख्ख्या बोरी गावाला ऐकवून झाला होता, आणि परभणीहून लेक बबिताही फोनवर तोच ऐकवायची. सरजाबाई मात्र हो म्हणत नव्हती. डॉक्टरांना कळवायला आजचाच दिवस उरला होता.

“चौऱ्याऐंशीवर आपण सगळं रान पेरतो,” नागनाथनं पुन्हा लावून धरलं. “तुझे तर पंच्याण्णव हायेत. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय असतंय?”

न उगवलेले सोळा दाणे तिनं तळहातावर घेतले. तेही चांगले टपोरे होते.

“गुंडाळताना ह्यातलं कोणतं उगवनार न्हाई, ते कळलं व्हतं का तुमाला?”

“न्हाई.”

“मग मी कोणत्यातली, ते कशावरून सांगायलाव?”

नागनाथनं तिच्या तळहातावरचा एक दाणा उचलून निरखला आणि परत ठेवला. उरलेल्या पाचांच्या घरच्यांनाही पंच्याण्णवच सांगितले असणार, हे त्याला आत्ता सुचलं आणि तो मनातून घाबरला.

सरजाबाईनं दाणे खाली ठेवले आणि गुडघ्यावर हात देऊन ती उठली.

“कळत न्हाई म्हणून पेरायचं कवा ऱ्हायलो का आपण? बबिताला फोन लावा. तयार हाय म्हणावं.”

ती आत गेली. न उगवलेले दाणे दरसाल कोंबड्यांना जायचे, आणि त्या आधीच ओट्याशी जमल्या होत्या. नागनाथनं त्यांना हुसकलं. सोळाही दाणे गोणपाटावर नीट मांडले, पाणी शिंपडलं आणि गुंडाळी पुन्हा सावलीत ठेवून दिली.