डावखुरा वाटाड्या

लव्हिनाबाईंनी मासिकाचं पान बाकावर पसरलं आणि चित्रातल्या कुऱ्हाडीवर बोट ठेवलं.

"माझा ऑरिन डावखुरा होता. तुम्ही त्याला उजवा केलात. गावातले म्हणतात, हा ऑरिन नव्हेच."

होझिया क्रँडलनं चष्मा पुसला. गेली तीस वर्षं न्यूयॉर्कच्या याच खिडकीपाशी बसून तो मासिकांसाठी लाकडावर अरण्य कोरत होता. हरणं, नावा, शिकाऱ्यांचे तळ. खरं अरण्य त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याची त्याला थोडी लाजही वाटे. बाई मात्र तिथूनच आल्या होत्या, दोन दिवस आगगाडीनं. त्यांचा मुलगा ऑरिन तिकडे शिकाऱ्यांचा वाटाड्या होता. त्याला वारून चार वर्षं झाली होती. फोटो एकही नाही, तेव्हा दुधाची तहान या छापील ताकावर.

क्रँडलनं फळीवरून त्याच चित्राचा कोरलेला लाकडी ठोकळा काढला. पुढच्या आठवड्यात त्यावर रंधा फिरून दुसरं चित्र यायचं होतं.

"हे बघा बाई. चित्रकारानं तुमच्याकडे येऊन काढलं ते बरोबरच होतं. पण ठोकळ्यावर ते उलटं उतरवायचं असतं, ते बेटा विसरला. म्हणून छापताना डाव्याचं उजवं झालं. लाकडावर डावाच आहे."

बाईंनी कोरलेल्या हातावरून बोट फिरवलं.

"अंगठा असाच बाहेर ठेवायचा. किती सांगितलं, तुटेल एक दिवस." त्यांचं बोट वर सरकलं. "पण चेहरा? ओळखीचा वाटत नाही हो. म्हटलं, मीच त्याला विसरत चालले की काय."

क्रँडलला गप्प बसता आलं असतं.

"तुम्ही नाही विसरलात. चित्रकारानं चेहऱ्याच्या जागी दोनच रेघा दिल्या होत्या. मी माझ्या थोरल्या भावाचा चेहरा घातला. एकोणिसाव्या वर्षी पश्चिमेच्या जंगलात गेला. पत्र नाही आलं."

बाई स्टुलावर बसल्या आणि आल्यापासून पहिल्यांदा हसल्या.

"आणि मी मेली स्वतःलाच दोष देत बसले."

मग त्यांनी तो परका चेहरा निरखला.

"भावाचं दुसरं काही आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"मग हा ठोकळा मी कसा मागू?"

क्रँडलनं ठोकळा उपडा केला. या कामाच्या लाकडाचं झाड बुटकं, बारीक खोडाचं असतं, म्हणून मोठ्या चित्राला लहान तुकडे मागून बोल्टनं जोडतात. चेहरा आणि कुऱ्हाड धरलेले हात यांच्यामधला सांधा दिसू नये म्हणून त्यावरच्या रेघा त्यानं स्वतः कोरल्या होत्या.

त्यानं बोल्ट सोडवायचा पाना उचलला.

"हात तुमचे," तो म्हणाला.