डोकं हललंय कुणाचं?

एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर अप्पाराव अंबडच्या आपल्या घरात सुनेवर पाळत ठेवून होते. कपाटाची चावी गायब व्हायची, चष्मा पिठाच्या डब्यात सापडायचा. बायको बेबीनंदाबाई कानाशी लागायची, "सूनच लपवून राह्यली. तुम्हाला येडं ठरवायचंय तिला." अप्पारावांना ते सोळा आणे पटायचं. संशयाला औषध नसतं म्हणतात, ते काही उगाच नाही.

एक दिवस सून मोनालीच म्हणाली, "बाबा, जालन्याच्या एका दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांचे मेंदू तपासून राह्यलेत. फुकट हाय. दोघंबी चला."

फुकट म्हटल्यावर तर हा सुनेचाच डाव आहे, अशी अप्पारावांची खात्रीच पटली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "मशीनमध्ये डोक्याखालची उशी थरथरते. ती थरथर मेंदूतून कशी जाते, त्याचं चित्र निघतं. मेंदूच्या पांढऱ्या भागात तारांसारखे धागे असतात. तो भाग घट्ट आहे की आजारानं मऊ पडलाय, हे चिरफाड न करता कळतं."

"म्हंजे डोकं हलवून बघणार!" अप्पाराव भडकले. "हललेलं हाय, हे आधीच ठरवून बसलात की! आधी माझ्या बायकोला घाला आत. हिचं चांगलं निघालं तर मशीन बराबर, मंग मी."

दोघांची तपासणी झाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावणं आलं. बेबीनंदाबाईला बाहेर बाकावर बसवून सासरा-सून आत गेले.

"अप्पाराव, तुमचा मेंदू वयाच्या मानानं छान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अप्पारावांनी सुनेकडे असं पाहिलं, जणू चोर रंगेहाथ सापडलाय. ती खाली मान घालून बसली होती.

"पण बेबीनंदाबाईंचा पांढरा भाग बराच मऊ आलाय. एवढ्यावरून काही ठरत नाही, अजून तपासण्या लागतील. वस्तू भलतीकडे ठेवणं, घरच्यांवर संशय घेणं, असं होतं का त्यांचं?"

मशीन खोटं आहे, असं म्हणायला अप्पारावांनी तोंड उघडलं. मग पिठाच्या डब्यातला चष्मा आठवला, आणि त्यांनी ते मिटलं.

"मी एकटीनं आईचं नाव घेतलं असतं," मोनाली हळूच म्हणाली, "तर मला घरात ठेवलं असतं का, बाबा?"

ते बाहेर आले. बेबीनंदाबाईनं त्यांची बाही ओढली. "अवो, चावी पुन्हा गेली. तिनंच घेतली बगा."

तिच्या कमरेच्या पान-तंबाखूच्या चंचीतून चावीचं कडं डोकावत होतं.

"व्हय," म्हणून अप्पारावांनी तिचा हात घट्ट धरला. सून खरंच चोर निघाली असती तर किती बरं झालं असतं, असं त्यांना त्या घडीला अगदी मनापासून वाटलं.